साडीवर शोभेल असं रिव्हॉल्व्हर

आमच्या नेदरलँड्समधल्या, आर्नहेमच्या घरात पुढच्या दारामागे, रेनकोट आणि मुलांच्या दप्तरांच्या मधोमध, कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायचं एक चामड्याचं पाकीट लटकलेलं असतं. पट्ट्यासकट. पाहुणे आले की आधी बूट काढतात, मग कोट अडकवायला हात वर करतात आणि तो हात तसाच हवेत ठेवून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "लीलाकाकूंचं आहे." ओळखीचे असतील ते हसत सुटतात. नवे असतील ते पुढच्या वेळी येताना जरा बरा केक आणतात.

लीलाकाकू म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मंदारची आई. कोरोनाच्या पहिल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि काकू ऑक्टोबरपर्यंत इथेच. "अडकलात हो तुम्ही," असं कोणी हळहळून म्हटलं की त्या चिडायच्या. "अडकतं ते काडतूस. मी राहतेय."

अंगाने मूठभर. पाचवारी साडी, वर मुलाचा जुना करडा स्वेटर, पायात नारंगी नाड्यांचे स्पोर्ट्स शूज. बघणाऱ्याला वाटावं, या बाईंचा जन्म पापड वाळत घालण्यात गेला. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा आमच्या बाल्कनीत आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, मधे दीड मीटर अंतर आणि अंतराच्या मधे मटारची परात. मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही नोकरी केलीत ना?"

"केली की. एकतीस वर्षं. रिव्हॉल्व्हर तपासायचे."

माझ्या हातातली शेंग खाली पडली.

सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात, तपासणी विभागात. मी म्हटलं, "म्हणजे कागदपत्रं बघायचात?" तर म्हणाल्या, "कागद कसले गं! हातात घ्यायचं, घोडा मागे ओढायचा, सिलिंडर हलवून बघायचं, नळी आणि सिलिंडरच्या मधली फट मापायची. चापाला वजन लावून बघायचं, किती जोराने सुटतो ते."

"आणि उडवायचं?"

"उडवायला वेगळी माणसं होती. आपण फक्त सांगायचं, की उडेल." आणि पुन्हा मटार.

नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नव्हती. काकूंच्या जगात तीनच शेरे होते: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. माझ्या पोळ्या रिवर्क. इथलं जिरं घातलेलं चीज पास. मंदारच्या घरातली ऑफिसची खुर्ची रिजेक्ट, कारण ती डावीकडे कुरकुरते. कोणाच्याही हातातलं बॉलपेन घेऊन त्या दोनदा खटक्-खटक् करायच्या आणि डोळे मिटून सांगायच्या, "स्प्रिंग मऊ पडलीय. महिनाभर चालेल." कारखान्यात नापास मालावर लाल ठिपका द्यायचे म्हणे. इथे त्यांनी सुनेची लाल नेलपॉलिश ताब्यात घेतली. आठवड्याभरात आमच्या इमारतीतल्या सैल कड्या, कुरकुरती दारं आणि माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, सायकलचा मागचा ब्रेक असे सगळे लाल ठिपके मिरवू लागले. निखिलने हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी तो ब्रेक न लागल्यामुळे कॅनॉलच्या कडेच्या गवतात बसलेला सापडला.

आणखी एक सवय होती. काकूंना कोणीही, कुठूनही हाक मारली की त्या "ओ, आले आले!" म्हणून उठायच्याच. हातातलं टाकून. हाक त्यांना आहे की नाही हे नंतर. मंदारने वरून "आई!" म्हटलं की माझ्याकडचा चहा अर्धा ठेवून धावल्या. नातीने खेळता खेळता बाहुलीला हाक मारली, काकूंनी ओ दिली. एकदा टीव्हीतल्या बाईने कुणाला तरी हाक मारली तेव्हा गॅसपाशी उभ्या असलेल्या काकूंनी टीव्हीला ओ दिली, मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "माहेरी आठ माणसं, सासरी अकरा, कारखान्यात नव्वद," त्या म्हणाल्या. "झोपेतसुद्धा ओ देते म्हणून हे हसायचे. ते गेले तरी ती सवय काही जात नाही बघ."

मग म्हणाल्या, "मला ना, एकदा तरी अशा ठिकाणी जायचंय, जिथे हाक मारायला कोणी नसेल. एक तास. फक्त एकच तास."

तशी जागा आमच्या दाराशीच होती. आर्नहेमच्या वरच्या अंगाला फेलुवंचं जंगल सुरू होतं. पाइन, ओक, वाळूच्या वाटा, आणि मैलभर चाललात तरी एखादा कुत्रेवाला भेटला तर भेटला. इथे फिरायला बंदी नव्हती. शनिवारी मंदार आईला घेऊन जायचाच. पण कसं? पुढे मंदार, मागे सून, मधे काकू. "आई, मुळावर पाय पडेल. आई, टोपी घाल. आई, पाणी पी." काकू दर दहा पावलांना ओ देत जंगल फिरून यायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, "जंगल पास. व्यवस्था रिजेक्ट."

एके दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, उद्या मी एकटी जाणार. मंदार ताडकन उठला. "आई, तिथे लांडगे आलेत! पेपरात आलंय. रानडुकरं तर कळपाने आहेत!"

मंदारला नावं ठेवायला सोपं आहे, पण दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता. आता आई हाताशी होती, तर तो तिला डोळ्यांआड होऊच देईना. हे काकूंना कळत होतं, म्हणून त्या भांडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "लांडगा आहे ना? मग मला एक रिव्हॉल्व्हर घेऊन दे."

मंदारला वाटलं, बरी पळवाट मिळाली. म्हणाला, "ठीक आहे. योग्य रिव्हॉल्व्हर मिळालं तर जा एकटी."

इथे मंदारने घोडचूक केली. आमच्या लोकांसमोर ‘योग्य’ हा शब्द काढायचा नसतो. पुण्या-मुंबईहून आलेले, दिवसभर घरात कोंडलेले, शनिवार-रविवार काय करावं हे न सुचणारे तीन संगणक अभियंते: मंदार, निखिल आणि खालच्या गल्लीतला केदार. या तिघांनी मागच्याच महिन्यात एक मिक्सर घ्यायला सतरा मिक्सरांचा तक्ता केला होता. रिव्हॉल्व्हर म्हटल्यावर तर त्यांच्या अंगात आलं! रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल, स्क्रीनवर एक्सेल, आणि प्रत्येक रकान्याला गुण.

"वजन," निखिल म्हणाला.

"नळीची लांबी," केदार म्हणाला.

"आवाज," मंदार म्हणाला. "शेजाऱ्यांना त्रास नको."

काकू ऐकत होत्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सूत्रं हातात घेतली. तो तास मी जन्मात विसरणार नाही. घरातल्या सुनांना मसाले समजावून सांगावेत तशा त्या या तिघांना समजावत होत्या. "पिस्तूल का नको, तर पिस्तुलात एक काडतूस फुसकं निघालं की ते काढत बसा. तोवर लांडगा काय थांबणारे? रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. फुसकं निघालं, चाप पुन्हा दाबा, पुढचं हजर. नळी दोन इंची नको, झटका फार बसतो. सहा इंची नको, बसताना टोचेल. चार. इथे पाऊस, म्हणजे गंजायला नको, स्टेनलेस. मूठ लाकडी नको, रबरी. आणि साडीवर जाईल असं बघा."

केदारने ‘साडीवर जाईल असं’ हा रकाना खरोखर टाकला. त्याला वीस टक्के गुण ठेवले.

वजनाचं मात्र प्रत्यक्ष करून बघायचं ठरलं. काकूंनी किलोभर साखरेची पुडी पिशवीत घातली, ती पिशवी परकराच्या नाडीला बांधली आणि तासभर जिन्याने वर-खाली चालून बघायला निघाल्या. तिसऱ्या फेरीला नाडीने दगा दिला. मी खालच्या पायरीवर होते, म्हणून साडी वाचली. साखर नाही वाचली. दोघी जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. शेजारच्या डच आजीबाईंनी दार उघडलं, साखर बघितली, आम्हाला बघितलं आणि झाडू आणून दिला.

"नाडीवर भरवसा नाही. पट्टा लागणार," काकू म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी सुनेची जुनी चामड्याची पर्स उसवायला घेतली.

तीन आठवडे हे चाललं. सातवी आवृत्ती झाली. पहिल्या नंबरावर एक रिव्हॉल्व्हर पक्कं झालं, शंभरात एक्याण्णव गुण. आणि या तीन आठवड्यांत, तीन इंजिनिअर, काकूंची सून, मी आणि एकतीस वर्षं शस्त्रं तपासलेली एक बाई, यांपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही की बाबांनो, या देशात रिव्हॉल्व्हर मिळतं का? काकूंना वाटलं मुलगा बघेल. मुलाला वाटलं तक्ता कधी पुरा होणारच नाही. आम्हाला बाकीच्यांना काही वाटलंच नाही, आम्ही मजेत होतो.

सोमवारी सकाळी मंदारने ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिमाहीचा आराखडा दाखवायला स्क्रीन उघडली आणि दाखवला ‘आईचं रिव्हॉल्व्हर, फायनल, सात’. इंग्रजी रकान्यांसकट. चौदा माणसं बघत होती. मंदारच्या डच साहेबाने सगळे रकाने शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाला, "मंदार, साडीला इतके गुण का?"

साहेब हसला, मीटिंग पुढे गेली, विषय संपला. पण मंदारचा संपेना. आपण इथे परवान्यावर आलेली माणसं. उद्या कोणी काही बोललं तर? परवाना गेला तर? दुपारभर येरझाऱ्या घालून त्याने सगळ्यात सुरक्षित वाटला तो उपाय केला. पोलिसांना स्वतःच ईमेल लिहिली. ‘महोदय, आमच्या घरात रिव्हॉल्व्हर नाही, कधीही नव्हतं आणि आमचा ते घेण्याचा विचार आता उरलेला नाही. कळावे.’

आता मला सांगा, अशी ईमेल आल्यावर कुठले पोलीस घरी येणार नाहीत?

दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीचा पोलीस सायकलवरून आला. सव्वासहा फुटी, पिवळं जाकीट, गालावर खळ्या. नियमाप्रमाणे बाहेरच्या गॅलरीतच, दीड मीटरवर उभा राहिला. मंदार ती ईमेल का लिहिली ते समजावू लागला. एवढ्यात आतून काकू आल्या. त्यांनी पोलिसाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. नजर सरळ त्याच्या कमरेवर.

"सर," काकू त्यांच्या कारखान्याच्या इंग्रजीत म्हणाल्या, "स्ट्रॅप लूज."

पोलिसाने खाली बघितलं. पिस्तुलाच्या पाकिटाच्या पट्टीचं बटण खरंच सैल झालं होतं.

"लास्ट ऑइलिंग, व्हेन?"

"आई!" मंदार कळवळला.

"ओ," काकू म्हणाल्या, "थांब जरा." आणि पोलिसाला मंदारमार्फत विचारलं, तुमच्या जंगलात एकटीने फिरायचं तर कुठलं रिव्हॉल्व्हर बरं?

पोलीस भिंतीला टेकून हसला. मग नीट सांगितलं. इथे साध्या माणसाला शस्त्र बाळगता येत नाही, डोळ्यांत मारायचा मिरचीचा फवारासुद्धा चालत नाही. लांडगा माणसाला बघून लांब जातो. समोर आलाच तर पळायचं नाही, हात पसरून मोठं दिसायचं आणि ओरडायचं. डुकरांची पिल्लं दिसली तर वाट बदलायची. बाकी आमच्याकडे माणसं जंगलात हात खिशात घालून जातात.

"त्याला म्हणावं, साडीला खिसा नसतो," काकू म्हणाल्या.

जाताना पोलीस कागदाच्या बशीतली चकली घेऊन गेला आणि मंदारला म्हणाला, "तुमच्या आईला फिरू द्या. काळजी करायचीच असेल तर लांडग्याची करा."

पर्स उसवून केलेलं पाकीट तोवर पुरं झालं होतं. काकूंनी ते टाकलं नाही. "चला, खिसा झाला," म्हणाल्या. त्यात रिव्हॉल्व्हरच्या जागी बेसनाचे दोन लाडू बरोबर मावायचे.

तर जुलैतल्या एका शनिवारी, कमरेला पट्टा बांधून, लीलाकाकू एकट्या जंगलात शिरल्या. मंदारने पार्किंगमधून हात हलवला. शंभर पावलं जाऊ दिली. मग निखिलला आणि केदारला खूण केली आणि तिघे झाडांआडून मागे निघाले. मीही गेले, खोटं कशाला बोलू! मजा बघायला गेले. एका ओकमागून दुसऱ्या ओकमागे, वाकून, श्वास धरून. निखिलच्या पायाखाली काटकी मोडली.

काकू गर्रकन वळल्या. हात कमरेच्या पाकिटावर. "हँड्स अप! कोण आहे तिकडे? बाहेर या!"

आणि देवाशपथ सांगते, तीन इंजिनिअर हात वर करून बाहेर आले. मीही आले. उजवीकडच्या झुडपातून एक डच आजोबा आले, त्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, ते बिचारे कुत्रा फिरवत होते, पण त्यांनीही हात वर केले होते. कुत्रा तेवढा शेपटी हलवत काकूंकडे गेला, कारण त्याला लाडवाचा वास आला होता.

मला हसू फुटणार, एवढ्यात काकूंचा चेहरा दिसला. त्या रडत होत्या.

"एक तास मागितला होता रे," त्या म्हणाल्या. "अख्ख्या जन्मात एक तास. तोही तुमच्याने देववला नाही."

वर केलेले हात खाली कसे घ्यावेत तेच कळेना. काकूंनी आजोबांच्या कुत्र्याला एक लाडू दिला, आजोबांची माफी मागितली आणि आमच्या पुढून गाडीकडे चालू लागल्या. घरी येऊन त्यांनी मंदारला काही म्हटलं नाही. पोळ्या केल्या, हाक आली की ओ दिली. फक्त चालायला जाणं बंद. मंदार चारदा म्हणाला, "आई, खरंच जा, मी नाही येणार." त्या म्हणायच्या, "राहू दे."

ऑक्टोबरमध्ये परतीच्या विमानाचं नक्की झालं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मंदार आमच्याकडे आला. दारातच उभा. डोळे लाल. म्हणाला, "तू घेऊन जा तिला. माझा फोन मी तुझ्याकडे ठेवून जातो, म्हणजे मला फोनसुद्धा करता येणार नाही." आणि खरंच बुटांच्या कपाटावर फोन ठेवून गेला. मला त्या मुलाचा तेव्हा फार अभिमान वाटला.

काकूंना घेऊन जंगलाच्या तोंडाशी गेले. ओकची पानं पिवळी पडली होती, वाळूवर ओल होती. काकूंनी बुटांच्या नाड्या दोनदा ओढून बघितल्या. पास. मग कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला.

"हे तुझ्याकडे ठेव."

"अहो, लाडू तरी घ्या."

"नको. आज हातात काही नको."

पदर कमरेला खोचला आणि निघाल्या. नारंगी नाड्या तेवढ्या लांबवर दिसत राहिल्या. पहिल्या वळणापाशी पोचल्या आणि माझं लक्ष गेलं, पाण्याची बाटली बाकावरच राहिली होती. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, मोठ्यांदा, सगळं जंगल ऐकेल असं: "काकू!"

हाक पोचली. मला दिसलं ना, पाऊल थबकलं, मान जराशी वळली. मी जीभ चावली. आता ही बाई ओ देणार, आता उलट्या पावली येणार, आणि माझ्या एका बाटलीपायी तिचा तास जाणार.

काकूंनी मान सरळ केली, दोन्ही हात मागे बांधले आणि वळणाआड चालत्या झाल्या.

ओ आली नाही. मी बाटली कवटाळून बाकावर बसले आणि वेड्यासारखी एकटीच हसत राहिले.